सोंग मुलाचे की पैशाचे?

पावसाळा सरतो, चतुर्थी आणि दिवाळी आटोपते, आणि गोमंतकातील शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांची धांदल सुरू होते. या संमेलनांत वेशभूषेचा कार्यक्रम नाही अशी शाळा विरळाच. अलीकडे या कार्यक्रमाला 'आपले सण, आपले वेश' किंवा 'टाकाऊतून टिकाऊ' असा एखादा विषय देण्याची प्रथा पडू लागली आहे व ती स्वागतार्ह आहे. कोणी शिगम्यातला स्वार होतो, कोणी दशावतारातला संकासुर, कोणी नरकासुर, तर एखादी मुलगी डोक्यावर लहानशी माटोळी घेऊन उभी राहते. पालक टाळ्या वाजवितात, छायाचित्रे निघतात, पारितोषिके वाटली जातात आणि मंडळी घरोघर परततात. राज्यापुढे जमिनीचे, पाण्याचे, रोजगाराचे गहन प्रश्न उभे असताना अग्रलेखाची जागा मुलांच्या सोंगांसाठी का खर्ची घालावी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर इतकेच की, समाज आपल्या मुलांना खरोखर काय शिकवीत आहे हे जितके या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमावरून कळते, तितके ते पाठ्यपुस्तकांवरूनही कळत नाही.

गेल्या हंगामात एका शाळेच्या अशा कार्यक्रमास उपस्थित राहण्याचा आम्हास योग आला. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे जे घडले ते कोठेही घडू शकते, घडतही असते. विषय होता 'टाकाऊ वस्तूंतून सणाचा वेश'. चौथीतला एक मुलगा घोडेमोडणीतला स्वार होऊन आला. त्याचा घोडा बिस्किटांच्या खोक्याचा होता, आयाळ काथ्याची होती आणि झूल आईच्या जुन्या लुगड्याची होती, हे विटलेल्या काठावरून ओळखू येत होते. घोड्याची मान किंचित वाकडी होती. दुसऱ्याच फेरीत खांद्यावरचा पट्टा सुटला. मुलाने एका हाताने घोडा सावरला, दुसऱ्या हातातली तलवार खाली ठेवली नाही, आणि ढोलाचा ठेका चुकू न देता तो नाचत राहिला. त्याच्यामागून दुसरा स्वार आला. त्याचा घोडा थर्माकोलचा, झूल जरीची, पागोटे मोत्यांच्या सरांचे. सारा साज दुकानातून भाड्याने आणलेला. विषयाचा मान राखावा म्हणून घोड्याच्या पाठीवर पुठ्ठ्याचे चार तुकडे चिकटविलेले होते, एवढेच. हा मुलगा नाचला नाही. साज बिघडला तर दुकानदाराकडे ठेवलेली अनामत बुडेल, अशी ताकीद त्याला घरून मिळाली असावी. पहिले पारितोषिक त्याला मिळाले. त्याच्या वेशात 'सफाई' होती असे परीक्षकांनी सांगितले.

त्याच वर्गातला तिसरा एक मुलगा त्या दिवशी आलाच नव्हता. त्याला ताप आल्याचे शिक्षिकेला कळविण्यात आले होते. तो ताप भाड्याच्या रकमेचा होता, हे त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने, कोणी न विचारता, सहज सांगून टाकले.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. गरिबाला राजा होता येते, भित्र्याला वीर होता येते. खिशात दमडी नसताना ती आहे असे मात्र दाखविता येत नाही, असा तिचा व्यवहारी अर्थ. आमच्या शाळांच्या रंगमंचावर या म्हणीचा उलटा प्रयोग चालू आहे. तेथे जे सोंग बक्षीस मिळविते ते मुख्यतः पैशाचेच असते. वीर, देव, असुर ही त्याची नुसती निमित्ते. ज्याच्या घरी पैसा आहे तो व्यासपीठावर येतो. ज्याच्या घरी नाही, त्याला ताप येतो. सणाच्या नावाने चालणाऱ्या कार्यक्रमाला याहून मोठी विटंबना दुसरी कोणती असू शकेल?

विटंबना म्हणावयाचे कारण हे की, ज्या सणांचे वेश आपण मुलांना चढवितो त्या सणांनी आपला साज कधीच बाजारातून आणलेला नाही. सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांत शिगम्यात घोडेमोडणी होते. सत्तरीच्या राण्यांच्या पराक्रमाशी तिचे नाते सांगितले जाते. घोड्याचे मुख लाकडात कोरलेले, धड म्हणजे बांबूचा हलका सांगाडा, त्यावर कापडाची झूल. तो सांगाडा कमरेला बांधून, डोक्याला फेटा गुंडाळून, पायांत घुंगरू आणि हातात तलवार घेऊन गावातला शेतकरी ढोल-ताशांच्या घाईत पुढे-मागे पावले टाकू लागला की पाहणाऱ्याला मनुष्य आणि घोडा वेगळे दिसत नाहीत. या साऱ्या साजात गावाबाहेरून आणलेले असे काय आहे? बांबू रानातला, लाकूड सुताराच्या हातचे, कापड घरातले. दशावतारातला संकासुर पाहा. काळे कापड, तोंडावरचा काळा बुरखा आणि नटाची चाल एवढ्या सामग्रीवर तो सगळ्या मांडवाला आधी घाबरवितो व मग हसवितो. चतुर्थीची माटोळी तर या वृत्तीचे मूर्तिमंत उदाहरण होय. रानातली फळे, फुले, कंद आणि वेली यांनी गणपतीच्या डोक्यावरचे लाकडी छत सजविताना गोमंतकीय गृहस्थ ऋतूने जे दिले तेच देवाला अर्पण करतो. आहे त्यातून उभे करावे, हे आपल्या उत्सवांचे मूळ शास्त्र आहे.

हे शास्त्र सुटले म्हणजे काय होते हे नरकासुराने आपल्याला दाखवून दिले आहे. एके काळी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात वाड्यावरची मुले घरोघर फिरून जुनी विजार, फाटका सदरा, गवत व रद्दी गोळा करीत. त्यातून जो असुर उभा राही तो बेढब असे. पण त्याचा प्रत्येक अवयव कोणी केला हे सगळ्या वाड्याला ठाऊक असे. पहाटे त्याचे दहन झाले की राखेखेरीज मागे काही उरत नसे. आज बाजारात तयार मुखवटे टांगलेले दिसतात, लोखंडी सांगाडे उभे राहतात, वर्गणीचे आकडे आणि ध्वनिक्षेपकांचे आवाज चढत जातात, आणि नरकचतुर्दशीच्या सकाळी अर्धवट जळालेले अवशेष रस्त्याच्या कडेला पडून राहतात. असुर मोठा झाला, मुले लहान झाली. पूर्वी ती कर्ती होती, आता ती प्रेक्षक आहेत. शाळेतील वेशभूषेचा प्रवास याच वाटेने चालला आहे, आणि तो वेळीच थांबवावा असे आम्हास वाटते.

टाकाऊ वस्तूंतून घोडा करावयाचा म्हणजे काय करावयाचे, हे येथे थोडे तपशिलाने सांगणे अप्रस्तुत होणार नाही. कारण त्या कृतीतच तिचे शिक्षण आहे. वाण्याच्या दुकानातून मिळणारे एक मोठे पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. त्याचा तळ व झाकण कापून काढले की मुलाच्या कमरेभोवती बसणारी चौकट होते. ती किती रुंद असावी हे मुलाने स्वतःच्या कमरेला दोरी लावून मोजावे. चौकट सैल झाली तर घोडा खाली घसरतो, घट्ट झाली तर स्वाराला नाचता येत नाही. जुन्या दप्तराचे दोन पट्टे खांद्यांवरून पाठीमागे एकमेकांना छेदून न्यावे, म्हणजे ते सुटत नाहीत. आमच्या त्या चौथीतल्या मुलाने ते सरळ नेले होते, एवढीच त्याची चूक. मान व मुख वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्यांचे करून त्यावर मैद्याच्या खळीत बुडविलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे थर चढवावे. एक थर वाळल्यावाचून दुसरा देऊ नये. घाई केली की आतून बुरशी धरते. मान पुढे जड झाली की सगळा घोडा नाक टेकू लागतो. मग शेपटीकडे एखादा लहान दगड बांधून तोल साधावा लागतो. तराजूचा जो नियम विज्ञानाच्या पुस्तकात अर्ध्या पानात संपतो, तो येथे मुलाच्या कमरेला कळतो. कान पोफळीच्या विरीचे, आयाळ काथ्याची किंवा गोणपाटाच्या दोऱ्यांची, डोळे बाटल्यांच्या बुचांचे. सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे ठोकून सपाट केली व तारेत ओवली की घुंगरांचे काम भागते; मात्र त्यांच्या कडा मोठ्या माणसाने घासून बोथट करून द्याव्या. तलवार माडाच्या झावळीच्या देठाची. रंगाला काव, हळद आणि कोळशाची पूड पुरते. चकाकी हवीच असेल तर फराळाच्या पिशव्यांच्या आतली चंदेरी बाजू आहे. झुलीसाठी घरात जे जुने सुती लुगडे असेल तेच उत्तम, कारण समईजवळ किंवा मशालीजवळ वावरताना कृत्रिम धाग्याचे झगझगीत कापड पेटले की वितळून अंगाला चिकटते. सुती कापड निदान वितळून चिकटत तरी नाही.

एवढ्या कामाला चार-पाच संध्याकाळी लागतात. त्या संध्याकाळी आजी घोडेमोडणीची आठवण सांगते, शेजारचा सुतार पट्टा कसा बांधावा हे दाखवून जातो, आणि मुलाला आपल्या गावचा मांड कोठे आहे, तेथून शिगमो का निघतो, तो निघण्यापूर्वी गाऱ्हाणे का घालतात, असे प्रश्न पडू लागतात. भाड्याच्या पोशाखाबरोबर यातले काहीही येत नाही. त्याच्याबरोबर पावती येते.

आता 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाखाली चाललेल्या दुसऱ्या एका दंभाकडे वळू. विषय जाहीर झाला की पालक प्रथम स्टेशनरीच्या दुकानाकडे धाव घेतात. रंगीत कार्डपेपर, चमकीच्या डब्या, डिंकाच्या नळ्या, नवे कोरे कागदी पेले, असा शेकडो रुपयांचा माल घरी येतो, आणि त्या नव्या मालापासून 'टाकाऊ वस्तूंचा' वेश सिद्ध होतो. कार्यक्रम संपला की तो सारा केराच्या टोपलीत जातो. म्हणजे टाकाऊतून टिकाऊ करण्याऐवजी आपण टिकाऊतून टाकाऊ करतो. त्यातही कापणे, चिकटविणे, रंगविणे हे सारे आई रात्री बारापर्यंत जागून करते आणि मूल झोपलेले असते. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला पारितोषिक मिळाले तर त्याला एवढेच कळते की, दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव घालता येते. हा धडा त्याने पुढे आयुष्यभर गिरविला तर दोष कोणाचा? कोणी म्हणेल की एवढ्याशा गोष्टीचा इतका गंभीर अर्थ लावू नये. परंतु मुलाच्या दृष्टीने ती एवढीशी नसते. व्यासपीठ, दिवे, टाळ्या आणि आपले नाव हे सारे एकत्र अनुभवण्याचे प्रसंग बालपणात फार थोडे येतात, आणि त्या प्रसंगी जे शिकले जाते ते खोल रुजते.

एक आक्षेप आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे व तो आदराने विचारात घेतला पाहिजे. सण म्हणजे पवित्र गोष्ट. देवाचा, दैवताचा किंवा मांडावरच्या विधीचा वेश टाकून दिलेल्या वस्तूंनी घडविणे हा त्या पावित्र्याचा अधिक्षेप नव्हे काय? आमच्या मते येथे जुने आणि उष्टे यांची गल्लत होते. उष्टे, घाण, गटारातले काही देवकार्याच्या जवळ आणावे असे कोणीच म्हणत नाही. मुलाच्या अंगाला ते लावू नये हे आरोग्याच्या दृष्टीनेही खरेच. पण जुने म्हणजे अमंगळ नव्हे. आपल्याकडे नवजात बालकाला प्रथम गुंडाळतात ते धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्यात. आजीच्या विटलेल्या पातळांची वाकळ घरात सर्वांत उबदार मानली जाते. कित्येक गोमंतकीय घराण्यांत चतुर्थीला मातीच्या मूर्तीऐवजी कागदावर चितारलेला गणपती पुजतात, आणि म्हणून त्या देव्हाऱ्याचे पावित्र्य तसूभरही उणे होत नाही. वस्तू नवी की जुनी यावर पावित्र्य ठरत नाही, हात कशा भावनेने लागले यावर ते ठरते. अधिक्षेप होतो तो वेगळ्याच ठिकाणी. घोडेमोडणी म्हणजे काय हे ठाऊक नसताना तिचे सोंग वठविले जाते, मांडावरची शिस्त न जाणता तिची थट्टा होईल असे नाचले जाते, किंवा चित्रपटाच्या गाण्यावर वीराला डोलविले जाते, तेव्हा. तेथे आक्षेप घ्यावा. आम्ही त्यात सामील होऊ.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. आई-वडील दोघेही नोकरी करतात, चार-पाच संध्याकाळी त्यांनी आणावयाच्या कोठून? आणि भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानदारांच्या पोटाचे काय? हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. पहिल्याचे उत्तर असे की, हे काम पालकांकडे सोपविलेच का जावे? ते शाळेत, वर्गात, मुलांनी एकमेकांच्या मदतीने करावयाचे काम आहे. दोन शनिवार त्यासाठी दिले तर अभ्यासक्रम कोसळणार नाही. दुसऱ्याचे उत्तर असे की, नाटके, नृत्यनाटिका, भजनी मेळे, लग्नसमारंभ यांना लागणारा साज पुरविण्याचा दुकानदारांचा व्यवसाय चालावा, भरभराटीला यावा. त्यावर आमचा रोष नाही. परंतु ज्या कार्यक्रमाचा हेतूच मुलाने स्वतः काही घडवावे हा आहे, तेथे त्या दुकानाला काम नाही. चित्रकलेच्या स्पर्धेत कोणी विकतचे चित्र आणून लावीत नाही.

शिक्षणखात्याला या बाबतीत नवे काही शोधून काढावयाचे नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योग हा शिक्षणाचा मध्यबिंदू मानणारी योजना मांडली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याला अभ्यासक्रमात मानाचे स्थान द्यावे असे सुचविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षातले दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांनी सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावे असे म्हटले आहे. हात आणि बुद्धी यांची फारकत करू नका, हेच आठ दशकांहून अधिक काळ निरनिराळ्या शब्दांत सांगितले जात आहे, आणि आमच्या शाळांतून कार्यानुभवाचा तास इंग्रजी किंवा गणिताच्या जादा तासाला बळी दिला जात आहे. वेशभूषेचा कार्यक्रम तर दरवर्षी होतोच, मुलांना त्याची ओढ असतेच, त्याला वेगळे अनुदानही नको. ज्या धोरणांना प्रयोगशाळा सापडत नाही त्यांच्यासाठी ही आयती प्रयोगशाळा आहे.

कचऱ्याच्या प्रश्नाशीही या विषयाचा संबंध आहे, परंतु तो फुगवून सांगण्याची आमची इच्छा नाही. चाळीस मुलांनी खोक्यांचे घोडे केल्याने गोव्याचा कचरा कमी होणार नाही. साळगावला २०१६ साली कचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला, तरी नद्यांच्या काठांवर आणि किनाऱ्यांवर काय साचलेले दिसते हे प्रत्येक वाचक आपल्या डोळ्यांनी पाहतो. प्रश्न सवयीचा आहे. एकदाच वापरून फेकावयाच्या काही प्लास्टिक वस्तूंवर केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी घातली. सजावटीचा थर्माकोल त्या यादीत नावानिशी आहे. तो कुजत नाही; त्याचे दाणे सुटतात, वाऱ्याने उडतात, ओहोळातून खाडीत व खाडीतून समुद्रात जातात. असे असताना पर्यावरणाच्या घोषणा लिहिलेल्या पडद्यापुढे थर्माकोलच्या घोड्याला पहिले पारितोषिक मिळते. कायद्याचा कीस काढणाऱ्याला सजावट आणि वेश यांत फरक करता येईलही. तो फरक दहा वर्षांच्या मुलाला कसा समजावून सांगणार? ज्या मुलाने एकदा स्वतःच्या हाताने खोक्याचा घोडा केला, तो पुढे कोणतीही वस्तू फेकण्यापूर्वी क्षणभर तिच्याकडे पाहील. आमची अपेक्षा त्या क्षणापुरतीच आहे, आणि ती लहान नाही.

तेव्हा शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि पालक-शिक्षक संघांना आमच्या काही सूचना आहेत. वेश शाळेतच, शिक्षकांच्या देखरेखीखाली तयार व्हावा. जुनी खोकी, कापड, दोरे असा माल सगळ्यांनी आणून एका ठिकाणी ठेवावा व ज्याला जे हवे ते त्याने त्यातून घ्यावे, म्हणजे कोणाच्या घरून काय आले हे कोणास कळणार नाही. विकत आणावयाच्या वस्तूंचा खर्च दर मुलामागे पन्नास रुपयांपलीकडे जाऊ नये, आणि तोही शक्यतो शाळेने सोसावा. भाड्याचा पोशाख स्पर्धेत धरला जाऊ नये. शंभर गुणांपैकी चाळीस मुलाच्या स्वतःच्या कामाला, वीस त्या सणाच्या माहितीला, वीस सादरीकरणाला आणि उरलेले वीसच दर्शनी रूपाला असावे. परीक्षकांनी प्रत्येक मुलाला दोनच प्रश्न विचारावे: हे तू कसे केलेस, आणि हा वेश आपल्या सणात कोण घालतो? ज्याने केले आहे तो न अडखळता सांगेल. ज्याच्यासाठी केले गेले आहे तो आईकडे पाहील. परीक्षकांत गावातला एखादा सुतार, मूर्तिकार किंवा मांडावरचा जुना खेळगडी असावा. आणि कार्यक्रम संपल्यावर चांगले घोडे, मुखवटे, फेटे शाळेच्या पेटाऱ्यात जपून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना ते दुरुस्त करून वापरता येतील. दशावतारी नट आपला साज वर्षानुवर्षे तसाच पेटाऱ्यात सांभाळतो.

ही सूचना शाळांपुरती मर्यादित राहू नये. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, वास्को आदी शहरांतून शिगमोत्सवाच्या मिरवणुका निघतात. त्यांत चित्ररथ, रोमटामेळ व लोकनृत्यांबरोबर वेशभूषेच्याही स्पर्धा असतात आणि पारितोषिकांना शासनाचा हातभार असतो. मुले शाळेत जे शिकतात त्याची खातरजमा ती या मिरवणुकांत करून घेतात. तेथे झगमगाटाला मान मिळत राहिला तर शाळेतल्या दोन शनिवारांचे शिक्षण एका रात्रीत पुसले जाईल. आयोजक समित्यांनी स्वतःच्या हाताने, उपलब्ध साहित्यातून घडविलेल्या वेशासाठी वेगळे आणि घसघशीत पारितोषिक ठेवावे. सार्वजनिक पैशातून जे गौरविले जाते तेच उद्या घरोघर अनुकरले जाते.

त्या संमेलनाच्या रात्री आम्ही बाहेर पडलो तेव्हा भाड्याचा घोडा मोटारीच्या मागच्या आसनावर नीट झाकून ठेवला जात होता. सकाळी तो दुकानात परत जावयाचा होता. पुठ्ठ्याचा घोडा मात्र फाटकाबाहेर रस्त्यावर दौडत होता. त्याचा स्वार बदलला होता; लहान भाऊ आत शिरला होता आणि मोठा पुढे हातांनी ढोल वाजवीत चालला होता. सुटलेल्या पट्ट्याला आता गाठ मारलेली होती, या खेपेस पाठीवर छेद देऊन. चूक कोठे झाली हे त्याला कळले होते आणि ती त्याने कोणाला न विचारता सुधारली होती. परीक्षकांच्या तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नव्हता. तो पुढील वर्षी असावा, आणि तापाने आजारी पडलेला तो तिसरा मुलगाही पुढील वर्षी त्या रंगमंचावर असावा, एवढीच आमची मागणी आहे. हा अंक उद्या रद्दीत जाईल. त्याच्या दोन पानांची सुरळी एखाद्या घोड्याच्या मानेत गेली, तर या अग्रलेखाचे चीज झाले असे आम्ही समजू.